गुणवंताची ओली माती

गुणवंत बारसागडेला मातीचं वेड होतं, असं कुणी म्हटलं की माझं टाळकं सरकतं. वेड्याला पोटापाण्याची काळजी नसते. गुणवंताला ती सदासर्वदा असायची. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात तो भौतिकशास्त्र शिकवायचा आणि मी रसायनशास्त्र. त्याची नेमणूक तात्पुरती होती. दर उन्हाळ्यात त्याचा चेहरा उतरायचा आणि कॉलेज उघडताना नवी ऑर्डर हातात पडली की मग माणूस हसायला लागायचा. आम्ही दोघंही नागभीडकडचे, धानाच्या बांध्यांत वाढलेलो. तो बौद्ध, मी कुणबी. स्टाफरूममध्ये जातीचा विषय कुणी काढत नसे आणि कुणी विसरतही नसे.

माणूस म्हणाल तर बारीक, काळासावळा, शर्ट कायम कडक इस्त्रीचा. इस्त्री घरची, म्हणजे पितळी लोट्यात निखारे घालून केलेली. बोलायला लागला की थांबायचा नाही, आणि रुसला की दोन-दोन दिवस तोंड उघडायचा नाही. त्याचा एक मोठा दुर्गुण होता. कुणाकडे काही मागणं त्याला जमायचं नाही. पावसात भिजत येईल, पण शेजारच्याच्या छत्रीत शिरणार नाही. मी त्याला म्हणायचो, "गुणवंता, तू मेलास तं खांदा द्याले तरी बोलावशील का नाई?" तो हसायचा. आज हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

त्याचा बाप रामाजी छप्पन्न साली नागपूरला दीक्षा घेऊन आला आणि आल्या आल्या त्यानं घरातले देव उचलून त्या कोनाड्यात दोन वर्षांच्या पोरासाठी पाटी आणून ठेवली. पोरगा मॅट्रिकला असताना बाप गेला. पुढचं सगळं आईनं केलं. आईचं नाव मनकर्णा. गुणवंत गावातला पहिला एम.एस्सी. झाला तेव्हा तिनं पेढे वाटले नाहीत, कारण तिच्या हिशेबात अजून काम संपलं नव्हतं. "डाक्टर व्हाचं हाये अजून त्याले," ती सांगायची. म्हणजे पीएच.डी.

त्या पीएच.डी.साठी तो नागपूरला पाध्ये सरांकडे काम करत होता. विषय होता माती. माती म्हणजे पापुद्र्यांचा ढीग असतो, हे मी रसायनाचा मास्तर असूनही नीट त्याच्याकडूनच शिकलो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करायचे आणि त्यातला एक घ्यायचा. एवढ्याशा जाडीत काही मातींचा एक पापुद्रा मावतो आणि त्यावरचं पाणीही. ते पाणी फक्त एका रेणूच्या जाडीचं, दोन पापुद्र्यांच्या मध्ये अंथरलेलं. अशा एका मातीचं नाव हॅलॉयसाइट. हिचे पापुद्रे सपाट राहत नाहीत, तेंदूच्या पानाची बिडी वळावी तसे आपोआप गुंडाळले जाऊन त्यांच्या नळ्या होतात. पण एकदा का ही माती सुकली की मधलं पाणी उडतं, पापुद्रे एकमेकांवर बसतात, आणि मग वरून अख्खी वैनगंगा ओतली तरी ते पाणी परत आत जात नाही. उरते ती दिसायला साध्या पांढऱ्या चिनी मातीसारखीच.

हे सगळं डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी नागपूरच्या एका संस्थेत क्ष-किरणांचं यंत्र होतं. किरण मातीवर सोडायचे. पापुद्र्यांमधलं अंतर जसं असेल त्या कोनात ते जोरानं परत येतात. यंत्राला जोडलेला पेन कागदावर सरळ रेघ ओढत असतो, तो कोन आला की उसळी मारतो. मघाच्या त्या एका भागाचे आणखी दहा केले, तर पापुद्र्यात पाणी असताना उसळी दहाच्या अंतरावर, पाणी गेलं असेल तर सातच्या. आम्ही आपसात 'दहाची रेघ' आणि 'सातची रेघ' म्हणायचो. पुढचं समजायला एवढं पुरे.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात निवडणुकीची ड्युटी लागली आणि गुणवंताला गडचिरोलीच्याही पलीकडे, पार जंगलातल्या एका गोंड पाड्यावर पाठवलं. आम्ही सगळे ड्युटी चुकवायला डॉक्टरांचे दाखले शोधत होतो. हा गेला. तिथल्या घरांच्या भिंती दुधासारख्या पांढऱ्या होत्या. बायका नाल्याकाठच्या एका खड्ड्यातून पांढरी माती खणून आणायच्या आणि भिंतींना फासायच्या. मतदान केंद्रावर मदतीला असलेल्या वारलू नावाच्या माणसानं त्याला तो खड्डा दाखवला. गुणवंतानं सुपारीएवढा ओला गोळा प्लास्टिकमध्ये बांधला, मतपेट्या जमा केल्या आणि तसंच नागपूर गाठलं. पेन दहावर उसळला.

तो गोळा तेवढ्यातच संपला. फेब्रुवारीत नागपूरच्या एका परिषदेत त्यानं तो आलेख दाखवला तेव्हा बाहेरगावचे एक मोठे तज्ज्ञ उठले. तेच त्याच्या प्रबंधाचे परीक्षक होणार होते. ते म्हणाले, "दहाची रेघ अभ्रकाचीही येते. तुमची माती सुकवली की रेघ सातवर सरकते हे दाखवा, तर मी मानेन. अभ्रकाची सरकत नाही." शंका रास्त होती, मी ते नाकारत नाही. ठरलं असं, की गुणवंतानं ताजी ओली माती आणायची आणि त्यांच्यासमोर यंत्रावर ठेवायची. आधी ओली, मग तापवून.

वैशाखात तो पुन्हा वारलूकडे गेला आणि पायलीभर ओली माती घेऊन आला. यंत्राची नळी बिघडली होती, ती दुरुस्त होऊन जूनच्या मध्यावर तारीख मिळाली. तोवर माती ठेवायची कुठे? चंद्रपुरात त्याची खोली टिनाची. मे महिन्यात तिथं माणूस भाजून निघायचा, मातीचं काय घेऊन बसलात. म्हणून बुद्ध पौर्णिमेला गावी गेला तेव्हा त्यानं ती मडक्यात घालून, वर ओलं फडकं बांधून आईच्या घरी रांजणाच्या सावलीत ठेवली. आईला म्हणाला, "आई, हे लय मोलाची माती हाये. जपून ठेव."

आमच्या झाडीपट्टीत जपून ठेवणं म्हणजे काय, हे त्यानं विसरायला नको होतं. मोहफुलं जपायची तर वाळवायची. मिरच्या, लाखोळीची डाळ, चिंच, तलावातली मासळी, पुढच्या सालचं बियाणं, जे काही टिकवायचं ते उन्हात घालायचं. ओलं राहिलं ते सडलं, हे पोरींना चालायला लागल्यापासून शिकवतात. 'ओली ठेव' असं त्यानं सांगितलं असतं तर ती रोज पाणी शिंपडत बसली असती. तो 'जपून ठेव' म्हणाला.

जूनमध्ये तारखेच्या आदल्या दिवशी त्याला सोबत म्हणून मीही निघालो. छोट्या लाइनच्या गाडीनं संध्याकाळी नागभीडला उतरलो आणि चालत त्याच्या घरी पोचलो. मनकर्णाबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं आणि आतून पांढऱ्या धुवट कापडाचं एक गाठोडं आणून लेकापुढे ठेवलं.

"घे तुई माती," त्या म्हणाल्या. "फडकं सोडून पाह्यलं तं कुबट वास येऊन राह्यला होता. म्हटलं, सडते आता. आठ दिस उन्हात घातली. काड्या-खडे येचले, कुटली, चाळली. आता साल-दोन साल हलत नाई."

गुणवंतानं गाठ सोडली. आत पिठासारखी भुरभुरीत पांढरी माती होती. त्यानं चिमटीत घेऊन बोटांवर घासली. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आता हा ओरडणार, असं मला वाटलं. मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं.

"बेस केलं, आई," तो म्हणाला.

"मंग! तुये सर काय म्हनतीन, घाण माती आनली म्हनून?"

"नाई म्हनत आता."

जेवण झाल्यावर आई भांडी घासायला गेली तेव्हा मी दबक्या आवाजात म्हटलं, "उद्याचं रद्द कर. तार कर पाध्ये सरांले." तो म्हणाला, परीक्षक मुद्दाम त्यासाठी आलेत, आता नाही म्हटलं तर पळाला म्हणतील. एका लोट्यात त्यानं ती भुकटी कालवली आणि रात्रभर पाण्यात ठेवली. पाणी आत जात नाही हे त्यानंच मला शिकवलं होतं. पण थोडी माती आतून ओली राहिली असेल, अशी आशा त्याला होती. बुडणारा माणूस काडी धरतो, तिथं एम.एस्सी.चं काही चालत नाही.

नागपूरला यंत्र सुरू झालं. पेन दहाच्या जागेवरून सरळ निघून गेला, साधा थरथरला नाही. सातवर मात्र चांगला टरारून उसळला.

"हे केओलिन आहे," परीक्षक म्हणाले. "बरण्या करायची माती. मग फेब्रुवारीतली दहाची रेघ कुठल्या मातीची होती?"

पाध्ये सर भले माणूस. त्यांनी विचारलं, "गुणवंत, नमुना सुकला का?"

"हो सर. माझ्या हातून सुकला."

"सोयीनं सुकला," परीक्षक म्हणाले. "घाईनं पदव्या मिळत असतील. विज्ञान मिळत नाही. आजकाल काही लोकांना सगळंच सवलतीत हवं असतं."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, सुकली तर सात येणारच, तो तेच तर सांगत होता! तर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपण कोण?" जंगलात जायचं यांच्या कधी नशिबी आलं नसेल, उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं. मी आणखी बोललो असतो, पण गुणवंतानं माझा दंड इतका आवळला की वळ उठला. मातीचा दोष त्यानं स्वतःवर घेतला होता आणि तो त्याला कुणालाही खोडू द्यायचा नव्हता.

निकाल असा लागला. सप्टेंबरअखेर विद्यापीठाची समिती बसेल. तोवर ओली माती आणून दाखवायची, नाहीतर फेब्रुवारीतला आलेख चुकीचा होता असं लिहून द्यायचं. तसं लिहून दिलेल्या माणसाला कोणतं कॉलेज कायम करणार? आणि नोकरीचं सोडा, लबाड हा शिक्का कपाळावरून आयुष्यभर पुसला गेला नसता. महिन्याभरात ही गोष्ट चंद्रपुरात पोचलीच. स्टाफरूममध्ये एकानं त्याला हसत विचारलं, "काय बारसागडे, रेघ सरकली का?" गुणवंत दोन दिवस बोलला नाही.

पावसाळ्यात त्या भागात कुणी जात नाही. नाले फुगतात, रपटे, म्हणजे नाल्यांवरचे ठेंगणे पूल, वाहून जातात, एसट्या बंद होतात, आणि ताप असा असतो की तिथले लोकही त्याला भितात. जुलैत तो गेला तर अर्ध्या वाटेवरून बस परत फिरली. ऑगस्टमध्ये रजा टाकून पुन्हा निघाला. मी म्हटलं, मी येतो. नाही म्हणाला. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब, समितीला मुदत माग. तो म्हणाला, "मागू कोनाले? त्यायलेच?" आईला त्यानं कॉलेजचं काम आहे म्हणून सांगितलं. पावडर दुधाचे दोन रिकामे डबे, मेण आणि गोणपाट एवढं घेऊन तो गेला.

पुढचं मला वारलूनं सांगितलं. गुणवंत कुठे ट्रकनं, कुठे पायी पाड्यावर पोचला. खड्डा पाण्यानं भरला होता. दोघांनी मिळून पाणी उपसलं आणि खालची माती काढली. डबे गच्च भरले, झाकणांना मेण लावलं, ओल्या गोणपाटात गुंडाळले. त्याच दिवशी निघाला असता तर कदाचित वाचला असता. पण नाला चढला तो उतरेचना. दोन आठवडे तो वारलूच्या घरी अडकून पडला, आणि नाला उतरायच्या बेतात असताना त्याला थंडी वाजून ताप भरला. चौघांनी खाटेवर घालून त्याला सडकेपर्यंत आणलं. वारलूच्या डोक्यावर डबे होते. तापात तो एकच विचारत होता, गोणपाट ओलं हाये ना?

निरोप मिळून मी गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा मनकर्णाबाई आधीच आल्या होत्या. कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत होत्या. मलेरियाचा ताप मेंदूत गेला होता. डॉक्टरांनी सुया टोचल्या, सलाइन लावलं, जे हातात होतं ते केलं. त्या साली त्या वॉर्डात रोज कुणीतरी जात होतं. दुपारी आई पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा तो जरा शुद्धीवर आला. मला म्हणाला, "वामनभाऊ, डबे पाध्ये सरांकडे ने. अन् आईले नोको सांगू, ते पयली माती कशानं बिघडली ते." मी हो म्हटलं. मरणाऱ्याला दुसरं काय म्हणतात? दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता.

डबे घेऊन मी नागपूरला गेलो. पाध्ये सरांनी स्वतः मेण फोडलं. माती लोण्यासारखी ओली होती. पेन दहावर उसळला, असा उसळला की कागदाच्या वर जाऊन आपटला. मग ती तापवून पुन्हा ठेवली. दहाची रेघ नाहीशी झाली आणि सातवर उभी राहिली. पाध्ये सर खुर्चीत बसून हमसाहमशी रडले. मला रडू आलं नाही, रागच आला. एवढ्याशा पाण्यापायी, ज्याची जाडी सांगायलाही धड शब्द नाही, एक सोन्यासारखा माणूस मातीत गेला. समितीनं 'नोंद घेतली'. परीक्षक त्या बैठकीला आलेच नाहीत.

मी गावी गेलो. मनकर्णाबाई ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सांगितलं, "बाई, गुणवंत खरा होता. त्याची माती तो म्हनत होता तशीच निघाली. सगळ्यायनं मानलं."

त्यांनी बसायला पोतं पुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "मंग पयल्या खेपेले काऊन नाई निघाली तशी?"

बसमध्ये मी उत्तर तयार करून आणलं होतं. यंत्र बिघडलं होतं, असं सांगायचं ठरवलं होतं. पण त्या माझ्याकडे बघत होत्या.

"मी वाळवली म्हनून?"

"हो," मी म्हटलं. गुणवंताला दिलेला शब्द मी मोडला आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. आयुष्यभर तिला खोट्यात ठेवायचा हक्क त्यालाही नव्हता, मला तर मुळीच नव्हता.

मला वाटलं होतं ती ऊर बडवील. तिनं पदर डोळ्यांना लावला नाही, आवाजही चढवला नाही. भिंतीकडे बघत हळूहळू बोलत राहिली.

"मंग मले काऊन नाई सांगितलं त्यानं? 'बेस केलं' म्हने. बेस केलं! एक शिवी द्याची होती मले. म्हनाचं होतं, आई, तू नास केला, जा आता दुसरी आन. मी गेली असती, भाऊ. तलावाची पार बांधाले पंधरा सालं ओली मातीच वाहिली या डोक्यावर, भर पान्यात, याले पोटात घेऊन वाहिली. त्याले कुठी येत होतं चिखलात चालाले? त्याले मी चिखलात उतरूच नाई देलं कधी. एका शबदानं सांगितलं असतं तं मी गेली असती. मेली तरी मीच मेली असती."

आत चुलीवर भात करपल्याचा वास येत होता. मी उठून आत गेलो आणि भांडं खाली उतरवलं.